उलट उत्तराला टाळी

भिवंडीजवळच्या कोनमधून नाटकाला जायचं म्हणजे दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याण गाठायचं. तिथल्या नाट्यगृहाला आचार्य अत्र्यांचं नाव आहे. आणखी पुढे ठाण्याला गेलं तर गडकरी रंगायतन. एकानं ‘लग्नाची बेडी’ आणि ‘मोरूची मावशी’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘प्रेमसंन्यास’ आणि ‘भावबंधन’. यंत्रमाग आणि गोदामांच्या या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला जवळची रंगमंदिरं सापडतात ती अशी, विनोद आणि प्रेम लिहिणाऱ्यांच्या नावांची. आत लागलेली नाटकंही बहुतेक त्याच घराण्यातली असतात. लग्न ठरतंय, लग्न मोडतंय, कुणाचा तरी कुणाबद्दल गैरसमज झालाय आणि दोन माणसं एकमेकांना शब्दांत पकडू पाहताहेत.

ही नाटकं का चालतात, याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. माणूस दिवसभर दमतो, गाडीला लोंबकळतो, घरी आला की कटकटी. त्याला चार घटका हसू द्या. निर्माता हे समर्थन म्हणून सांगतो, समीक्षक हेच तुच्छतेनं सांगतो. सूर निराळे असले तरी मत एकच आहे, आणि ते मला उथळ वाटतं.

माझं म्हणणं असं. विनोदी आणि प्रेमाची नाटकं मराठी माणसानं सव्वाशे वर्षं जिवंत ठेवली, कारण जे त्याच्या घरात चालत नाही ते तिथे चालतं. घरात उलट उत्तर देणं हा गुन्हा आहे. लेकीनं बापाला, सुनेनं सासूला, बायकोनं नवऱ्याला ते द्यायचं नसतं. रंगमंचावर मात्र तेच उत्तर नेमकं आणि वेळेवर आलं, की नाट्यगृह टाळी देतं. ही टाळी विनोदाला असते, तशीच समोरच्याच्या बरोबरीनं बोलण्याच्या हक्कालाही असते. त्या अर्थानं चांगलं विनोदी नाटक म्हणजे बरोबरीची तालीम.

१. विरंगुळ्याची उपपत्ती कुठे तोकडी पडते

विरंगुळा एवढंच कारण असतं, तर तो आता खिशात फुकट मिळतो. मोबाइलवर हवे तितके विनोद आहेत. तरीही माणसं तिकीट काढतात, रिक्षा करतात, मुलाबाळांना घेऊन रांगेत उभी राहतात. इतका खटाटोप नुसत्या हसण्यासाठी कुणी करत नाही.

दुसरं, प्रेक्षकाला गोष्ट आधीच माहीत असते. ‘संशयकल्लोळ’मधली तसबीर कुणाची आणि कुणाच्या हाती पडली, हे तिसऱ्यांदा बघणाऱ्याला ठाऊक असतं. मोरूची मावशी म्हणजे साडीतला पुरुष, हे तर जाहिरातीतच कळतं. तरीही हशा कमी होत नाही. चकित होण्यातली मजा संपल्यावरही काहीतरी शिल्लक राहतं, आणि विरंगुळ्याच्या उपपत्तीला त्याचा हिशेब देता येत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ही नाटकं ज्या विषयांवर हसवतात ते विषय हलके नाहीत. म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न, नवऱ्याचा संशय, मूल नसणं, बोलीवरून होणारा अपमान. विसरायला म्हणून आलेला माणूस नेमक्या याच गोष्टींसमोर अडीच तास का बसेल?

२. उत्तर देण्याचा हक्क

१८८० च्या दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं त्यांनी नाकारलं. १८८७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. एका बाईचं ‘नाही’ ऐकून सारा समाज हादरला होता. मराठी विनोदी नाटक त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आकाराला आलं, हे लक्षात ठेवून ते वाचलं पाहिजे.

उत्तराची ही भूक समाजात आधीपासून होती आणि तिला वाटाही होत्या. तमाशातले सवाल-जवाब ही एक. उखाणा ही दुसरी. ज्या काळात नवऱ्याचं नाव तोंडानं घेणं बाईला निषिद्ध होतं, त्या काळात चारचौघांसमोर यमक जुळवून ते घ्यायची मुभा तिला फक्त उखाण्यानं दिली. प्रेमाची कबुली आहे, पण ती चतुराईत गुंडाळलेली आणि साक्षीदारांसमोर दिलेली. प्रेमाच्या विनोदी नाटकाचं सगळं तंत्र त्या दोन ओळींत आहे. आमच्या भागातल्या आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवले गाते आणि तिच्या गाण्यानं लग्न पुढे सरकतं. मांडवात बाईचा आवाज विधी चालवतो, ही गोष्ट ज्यांनी पाहिली आहे त्यांना रंगमंचावरची बोलकी नायिका परकी वाटत नाही.

३. देवलांनी केलेली क्रांती

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ १८९९ चं. पैशांसाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप आणि तरुण दिसण्याच्या खटपटीत असलेला भुजंगनाथ. समाजसुधारणेचं नाटक म्हणून ते अभ्यासक्रमात गेलं. मला त्यातली विनोदाची वाटणी महत्त्वाची वाटते. शारदा स्वतः फारसं उत्तर देऊ शकत नाही. ती आपलं दुःख बोलते, विनवते. पण तिच्या मैत्रिणी नवऱ्यामुलाच्या वयाची थट्टा करतात. ज्यांना घरात तोंड उघडायची परवानगी नाही अशा मुली बापाच्या वयाच्या माणसाला प्रेक्षकांसमोर हास्यास्पद करतात. मुलींच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ मध्ये आला. त्या तीस वर्षांत किती भुजंगनाथ बोहल्यावर चढताना मनात शरमले असतील, हे कोणी मोजलेलं नाही. पण लाज वाटायला लावणं हेसुद्धा विनोदाचं काम आहे.

याहून धाडसी नाटक माझ्या मते ‘संशयकल्लोळ’. १८९३ मध्ये ते ‘फाल्गुनराव’ म्हणून गद्यात आलं आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं पदांसह उभं केलं. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव, बालगंधर्वांची रेवती. मूळ मोलिएरचं, तिथून आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराकडे आणि त्याच्याकडून देवलांकडे.

आता त्यातली रचना जवळून पाहा. रेवतीला रस्त्यात भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते आणि ती न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. दोघांनी डोळ्यांनी पाहिलं आहे, दोघांकडे पुरावा आहे आणि दोघंही चूक आहेत. संशयाची ही अगदी समसमान वाटणी आहे. व्यवहारात तेव्हा काय होतं? नवऱ्याच्या संशयाला सत्ता होती. तो बायकोला घराबाहेर काढू शकत होता. बायकोच्या संशयाला कुरकुर म्हणत. देवलांनी दोन्ही संशय एका पारड्यात टाकले. कृत्तिकाही तितकीच आकांडतांडव करते, तितकाच पाठलाग करते, तितकीच फसते. मूर्खपणातली बरोबरी हीसुद्धा बरोबरीच, आणि १८९३ मध्ये शहाणपणातल्या बरोबरीपेक्षा ती मान्य करून घेणं सोपं होतं. हसता हसता प्रेक्षकानं ती मान्य केली.

त्यात रेवती नायकिणीच्या घरातली आहे आणि अश्विनशेठला तिच्याशी लग्न करायचं आहे. तिच्या जन्मावरून तिच्यावर संशय घ्यायला जग तयारच आहे. तो संशय नाटकात खोटा ठरतो, प्रियकराला ओशाळावं लागतं आणि तिची प्रतिष्ठा शाबूत राहते. हे सगळं एका प्रहसनाच्या पोटात आहे. सुधारकांच्या व्याख्यानाला जो माणूस कधी गेला नसता, तो यासाठी रात्र रात्र बसला.

४. अडथळा बदलत गेला

प्रेमाच्या नाटकात दोन जीवांच्या आड काहीतरी यावं लागतं. ते काय आहे, यावरून त्या पिढीची नाडी कळते. शारदेच्या आड बापाचा लोभ होता. अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’त (१९३६) अडथळा खुद्द लग्नच आहे, संसाराला कंटाळलेल्या पुरुषांना रश्मी नाचवते आणि त्यांचं पितळ उघडं पाडते. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त (१९४२) सिनेमात नाव मिळवणारी बायको आणि दुखावलेला नवरा. तोवर बायकांची कामं बायका करू लागल्या होत्या. ज्योत्स्ना भोळेंच्या तोंडी त्यातल्या भानुमतीचं बोलणं आलं, तेव्हा रंगमंचावरचं उत्तर उत्तर देणाऱ्या बाईच्या मालकीचं झालं.

पु. ल. देशपांड्यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’त (१९५७) अडथळा वैराग्याचा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात त्या नाटकातल्या वैरागी आचार्यांसारख्या माणसाला कोण उलटून बोलणार होतं? रसिक काकाजींनी ते केलं, मांडी ठोकून, हसत हसत. कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाली’त (१९६६) जोडप्याला मूल नाही. हा विषय घरात कुजबुजत बोलला जातो आणि त्याचं खापर बाईवर फुटतं. कानेटकरांनी तो गात्या-हसत्या संवादांत नवरा-बायकोच्या सामायिक मालकीचा केला. दोघं मिळून जगाला उत्तरं देतात. मूल नसलेलं एखादं जोडपं त्या प्रेक्षागृहात बसलं असेल, तर त्याला त्या रात्री काय मिळालं असेल, याचा विचार ‘नुसती करमणूक’ म्हणणाऱ्यांनी करावा.

पुढे ‘ऑल द बेस्ट’ (१९९३), ‘एका लग्नाची गोष्ट’, ‘सही रे सही’ (२००२) अशी रांग लागते. बाहेरचे अडथळे विरळ होत जातात आणि माणसाचा स्वतःबद्दलचा खोटेपणा हाच अडथळा होतो. यातली सगळीच नाटकं मला सारखी प्रिय नाहीत.

५. मंजुळा आणि आमची भाषा

‘ती फुलराणी’ १९७५ चं. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी केलेलं. भक्ती बर्वेंनी मंजुळा उभी केली आणि नंतरच्या पिढ्यांत नव्या नट्या ती पुन्हा पुन्हा करत आल्या. फुलं विकणारी मुलगी, तिची गावठी बोली आणि ती ‘सुधारण्या’ची पैज मारणारा भाषेचा प्राध्यापक.

कोन, भिवंडी, कल्याण या भागात हे नाटक निराळं दिसतं. इथल्या घरांत आगरी बोलली जाते. पाण्याला पानी म्हणणारं मूल शाळेत जातं आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं, की आपली आई अशुद्ध बोलते. हा धडा कुठल्याही पुस्तकात छापलेला नसतो, पण तो पक्का बसतो. असं मूल मोठं होऊन ‘ती फुलराणी’ बघतं, तेव्हा प्राध्यापकाच्या शेऱ्यांवर इतर हसतात तिथे ते जरा थबकतं. मग मंजुळा एकटी उरते आणि त्या गर्विष्ठ माणसाला आपण कसा धडा शिकवू याची स्वप्नं रंगवते. ते स्वगत ती आपल्याच बोलीत, आपल्याच तालात म्हणते, आणि नाटकातली सगळ्यात कडाडून टाळी तिथेच पडते. तिला उत्तर द्यायला शुद्ध भाषा यावी लागत नाही.

माझ्या दृष्टीनं त्या नाटकाचा कणा तिथे आहे. पुलंनी त्या मुलीला सगळ्यात अवघड, सगळ्यात लयदार भाषण दिलं आणि ते प्रमाण मराठीत दिलं नाही. शॉला स्वतःला मूळ नाटकातल्या एलायझा आणि हिगिन्स यांचं लग्न लावायचं नव्हतं. तसं सांगणारं टिपण त्यानं नंतर नाटकाला जोडलं. तरीही प्रेक्षकांना ते दोघं एकत्र यावेत असं वाटत राहिलं. याला भाबडेपणा म्हणतात. मला त्यात एक मागणी दिसते: ज्यानं हिणवलं त्यानं बरोबरीनं बसून बोलावं.

६. नाट्यगृहच का

हे सगळं पडद्यावरही होऊ शकतं, असं म्हणता येईल. होतंही. पण दोन गोष्टी नाट्यगृहातच घडतात.

पहिली, विनोदी नट प्रेक्षकांबरोबर श्वास घेतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, नकारही बहुधा शेवटी येतो. वाक्याचा अर्थ अखेरच्या शब्दापर्यंत लटकलेला राहतो आणि कसलेला नट तिथे अर्धा क्षण थांबतो. हशा उसळला की तो पुढचं वाक्य अडवून धरतो. हशा उतरणीला लागतो, पूर्ण विरायच्या आत दुसरी खेप टाकतो. लवकर बोलला तर वाक्य बुडतं, उशिरा बोलला तर लय तुटते. कल्याणच्या प्रेक्षकाची लय वेगळी, पुण्याच्या प्रेक्षकाची वेगळी. म्हणून हजारावा प्रयोगही त्या रात्री नव्यानं बांधावा लागतो. प्रशांत दामल्यांसारख्या नटानं २०२२ मध्ये साडेबारा हजार प्रयोगांचा टप्पा गाठला, तो या रोजच्या बांधणीच्या जोरावर.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. एका रांगेत बाप, आई, लग्नाची मुलगी आणि आजी बसलेली असते. रंगमंचावरची मुलगी रंगमंचावरच्या बापाला निरुत्तर करते. रांगेतला बाप हसतो. तो हसलेला मुलीनं पाहिला, आईनंही पाहिला. घरी गेल्यावर तो पुन्हा आपल्या जागी बसेल, कदाचित त्याच रात्री दरडावेलही. पण तो हसला होता, आणि त्याला साक्षीदार आहेत. मोबाइलवर एकट्यानं हसताना असं कुणी कुणाला पाहत नाही.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप, हे सगळं उसनं आहे. मोलिएर, शॉ, गोगोल, ‘चार्लीज आन्ट’. खरं आहे, आणि लपवण्याजोगं काही नाही. पण उसनं आणलेलं इथे रुजलं ते इथल्या मातीत जागा होती म्हणून. ब्रँडन थॉमसच्या चार्लीच्या आत्याची अत्र्यांनी मावशी केली. तमाशाच्या गवळणीतली मावशी, पुरुषानं रंगवलेली आणि कृष्णाला फैलावर घेणारी, मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांत आधीच बसलेली होती. विजय चव्हाणांनी १९८० च्या दशकात ती भूमिका गाजवली, तेव्हा लोकांनी इंग्रजी मूळ आठवलं नाही.

दुसरा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. विनोदी नाटकांनी बायकांची, जाड माणसांची, काळ्या रंगाची, तोतरेपणाची भरपूर टवाळी केली आहे. बायको म्हणजे कटकट, हा विनोद अजून विकला जातो. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण माझ्याच सिद्धांतातून कसोटी निघते: ज्याच्यावर विनोद झाला त्याला पुढच्या वाक्याला उत्तर देता येतं का? कृत्तिकेला येतं, मंजुळेला येतं. ‘ऑल द बेस्ट’मधल्या आंधळ्या, बहिऱ्या आणि मुक्या मित्रांनाही येतं; ते एकमेकांच्या उणिवा भरून काढतात, डावपेच लढवतात आणि त्यांची कीव करायला नाटक वेळच देत नाही. जिथे पात्र फक्त हसवून घ्यायला उभं केलेलं असतं आणि त्याला वाक्यच नसतं, तिथे विनोद संपून दंडेली सुरू होते. त्या नाटकांना मी चांगलं म्हणत नाही, त्यांचे कितीही प्रयोग झालेले असोत.

तिसरा आक्षेप असा, की ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ किंवा ‘सखाराम बाइंडर’ यांच्यापुढे ही नाटकं क्षुल्लक आहेत. ती लिहिणाऱ्या तेंडुलकरांचा दरारा मलाही मान्य आहे. ‘शांतता!’मधल्या लीला बेणारेला शेवटी बोलू दिलं जात नाही, तिचं मोठं स्वगत बाकीच्यांना ऐकूच येत नाही, आणि ते पाहून आपण सुन्न होतो. उत्तराचा हक्क हिरावला की काय होतं, हे तेंडुलकरांनी दाखवलं. तो हक्क असला तर दोन माणसं कशी बोलतील, एकमेकांना कशी जिंकतील, हेही कुणीतरी दाखवायला हवं. ते काम दुय्यम आहे असं मला वाटत नाही.

८. खरी उणीव

व्यावसायिक विनोदी नाटकाची खरी उणीव त्याच्या हलकेपणात नाही, त्याच्या दिवाणखान्यात आहे. पडदा उघडतो तेव्हा सोफा दिसतो आणि त्यावर बसलेल्या माणसांची आडनावं साधारण ठरलेली असतात. प्रेमाच्या आड बाप येतो, गैरसमज येतो, पैसा येतो. जात मात्र क्वचित येते. प्रत्यक्षात या महाराष्ट्रात तरुण मुलामुलींच्या आड सगळ्यात आधी तीच येते. ज्यांनी दिवाणखान्याबाहेर पडून पाहिलं त्यांना प्रेक्षकांनी नाकारलं नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये वगाच्या अंगानं आलं आणि दादा कोंडक्यांनी ते डोक्यावर घेऊन नाचवलं. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये मालवणीत आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते सातासमुद्रापलीकडे नेलं. ज्या बोलीला शहर हसत होतं, त्या बोलीनं शहराला हसवलं.

आज कोनच्या आसपास गोदामांत पगारावर काम करणाऱ्या मुली आहेत, आगरी, कुणबी, दलित, मुसलमान, परप्रांतातून आलेल्या. संध्याकाळी त्या शेअर रिक्षात बसतात तेव्हा त्यांच्या आपसातल्या थट्टेला आणि हजरजबाबीपणाला तोड नसते. त्यांची लग्नं ठरतात, मोडतात, काही पळून जाऊन होतात, काही जातीपाशी येऊन अडतात. देवलांच्या हाती यातलं अर्धंही असतं तर त्यांनी सोडलं नसतं. यातली एखादी मुलगी आपल्या बोलीत बापाला, पुढाऱ्याला आणि होऊ घातलेल्या नवऱ्याला उत्तर देते आहे, असं विनोदी नाटक कुणी लिहिलं, तर निर्मात्यानं त्याचा शुभारंभ मुंबईत न करता कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात करावा आणि दुपारचा प्रयोग ठेवावा, म्हणजे पुलापलीकडच्या बायकांना दिवेलागणीच्या आत घरी परतता येईल.